गच्चीवर पॅनल किती? बारा बिलं, डिसेंबरची सावली आणि आपल्या तालुक्याचा पाऊस

साताऱ्यात आमच्या गच्चीची पाहणी करायला सोलरवाला आला तो मे महिन्यात, भर दुपारी साडेबाराला. त्यानं टेप लावली, मोबाइलवर फोटो काढले. पाण्याच्या टाकीकडं बोट दाखवून मी विचारलं, "हिची सावली पडेल ना?" तो म्हणाला, "मॅडम, सावली कुठंय? बघा की." खरंच नव्हती. टाकीची सावली टाकीखालीच गोळा झालेली. पॅनल टाकीच्या मागं उत्तरेला बसले आणि डिसेंबर उजाडला तसा रोज सकाळी साडेदहापर्यंत दोन पॅनलवर टाकीचा काळा पट्टा पडायला लागला. पुढच्या वर्षी टाकी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात न्यावी लागली. प्लंबर, नवे पाइप, नवा ओटा, सगळा खर्च आमच्या खिशातून.

किती पॅनल लागतील हे ठरवायला त्या माणसानं एकच प्रश्न विचारला होता, "महिन्याला बिल किती येतं?" त्या एका आकड्यावर त्यानं घराचा पुढच्या पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला. बहुतेक घरांत हेच चालतं. म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की आधी आकडा स्वतः काढा, मग माणूस बोलवा. एक रविवार पुरतो. बारा महिन्यांची बिलं, मोजायची टेप, खडूचा तुकडा आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढंच सामान लागतं. माझ्या माहेरी तासगावला, नणंदेकडं मेढ्याला आणि आमच्या गल्लीतल्या चार-पाच घरांत मी हा हिशेब करून दिला आहे. तोच इथं सविस्तर मांडते.

रुपये सोडा, युनिट बघा

बिलाची रक्कम या कामात उपयोगाची नाही. तिच्यात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क असं बरंच काही मिसळलेलं असतं, आणि दर बदलले की तेवढ्याच विजेचं बिल वेगळं येतं. आपल्याला हवी ती वापरलेली युनिटं. महावितरणच्या बिलावर चालू महिन्याच्या युनिटांबरोबर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. कागद हरवला असेल तर ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या ॲपवर जुनी बिलं बघता येतात.

एक-दोन महिन्यांवर भागवू नका. एप्रिल-मेमध्ये पंखे रात्रंदिवस फिरतात, फ्रिज जास्त ओढतो, पाहुण्यांनी घर भरतं. त्या बिलावरून हिशेब केला तर पॅनल जास्त निघतात, जानेवारीच्या बिलावरून केला तर कमी. पूर्ण बारा महिने घ्या. मध्येच एखाद्या महिन्याला मीटर सदोष होता किंवा रीडिंग घ्यायला कुणी आलं नाही म्हणून सरासरी बिल आलं असेल, तर तो आकडा एकट्यानं खरा धरू नका. पुढच्या बिलात फरक भरून निघालेला असतो, दोन्ही एकत्र घेऊन सरासरी काढा.

उदाहरणाला चार माणसांचं घर घेऊ. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंतची युनिटं अशी: १६५, १७०, २१५, २६०, २७५, २२०, १८५, १८०, १८५, २०५, १७५, १६५. बेरीज २४००. म्हणजे महिन्याला सरासरी २००. हे २४०० लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब याच्यावर आहे.

एकाच घरात दोन मीटर असतील, वर थोरले खाली धाकटे, किंवा मागच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या, तर दोन्ही बिलांची बेरीज करू नका. पॅनल ज्या मीटरला जोडले जातात त्याच मीटरची युनिटं वजा होतात. एका घरात दोन्ही मीटरांच्या बेरजेवरून पॅनल काढलेले मी पाहिले आहेत. खालच्या मीटरवर युनिटं शिल्लक पडत होती आणि वरच्या मजल्याचं बिल पूर्वीसारखंच येत होतं. शेतातल्या मोटारीचंही तसंच. कृषिपंपाचं कनेक्शन वेगळं, त्याची सौर पंपाची योजना वेगळी. घराच्या हिशेबात ती मोटार आणू नका.

आधी वापर कमी करा, मग वाढीव वापर धरा

पॅनल घेण्याआधी घरात एक फेरी मारा. जुना पंखा साधारण ७५ वॅट ओढतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आत बसतो. दिवसाला दहा-बारा तास फिरणारे तीन पंखे बदलले तर महिन्याला चाळीस-पन्नास युनिटं वाचतात. एवढी वीज करायला जवळजवळ एक पॅनल लागतो. गिझरचं तर सांगायलाच नको. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. आंघोळीच्या पाण्यासाठी गच्चीवर सौर बंब बसवायला जागा असेल तर तो आधी बसवा. उन्हानं थेट पाणी तापवणं हे उन्हाची वीज करून त्या विजेनं पाणी तापवण्यापेक्षा कितीतरी कमी जागेत होतं.

आता दुसरी बाजू. येत्या तीन-चार वर्षांत घरात काय नवीन येणार आहे? विजेवरची स्कूटर रोज पंचवीस किलोमीटर चालत असेल तर चार्जिंगची गळती धरून वर्षाला साधारण ३०० युनिटं. गॅस वाचवायला रोजचा निम्मा स्वयंपाक इंडक्शनवर केला तर दिवसाला दोन युनिटं, वर्षाला ७००. दीड टनाचा एसी उन्हाळ्याचे तीन महिने रोज सहा तास चालवला तर ६०० ते ७०० युनिटं. घरघंटीला आठवड्यातून एकदा तासभर दळणासाठी धरलं तर वर्षाला पन्नासच्या आसपास, ती मोजली नाही तरी चालेल.

जे नक्की येणार तेवढंच धरा. "पुढंमागं लागेल" म्हणून वाढवलेला आकडा महाग पडतो. तो कसा, ते पुढं येईल. आपल्या उदाहरणातल्या घरात मुलाला कॉलेजला जायला स्कूटर घ्यायची ठरलीच आहे. मग २४०० अधिक ३००, म्हणजे २७००.

एक किलोवॅट आपल्या गावात वर्षाला किती देतो

सोलरवाले सगळीकडं एकच वाक्य म्हणतात, "एक किलोवॅट रोज चार युनिट." वाक्य खोटं नाही, पण ती वर्षाची सरासरी आहे, आणि ती सगळ्या तालुक्यांना सारखी लागू होत नाही.

हे चार येतात कुठून? आपल्या पट्ट्यात चौरस मीटर जागेवर दिवसाला सरासरी सव्वापाच-साडेपाच युनिटांइतकं ऊन पडतं. एक किलोवॅटच्या पॅनलनं आदर्श परिस्थितीत तेवढीच युनिटं द्यायला हवीत. पण पॅनलवरचा आकडा प्रयोगशाळेत, काचेखालचा सेल, म्हणजे वीज बनवणारी चकती, २५ अंशांवर असताना मोजलेला असतो. एप्रिलच्या दुपारी तोच सेल ६० ते ६५ अंशांपर्यंत तापतो आणि दर अंशाला साधारण ०.३ ते ०.३५ टक्के उत्पादन घटतं. म्हणजे नुसत्या तापण्यात १२-१३ टक्के गेले. धूळ, वायर आणि इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारी पेटी) मिळून आणखी दहा-बारा. उरतात ते चार. कडक ऊन म्हणजे जास्त वीज असं समजून एप्रिलच्या आकड्यावर लोक नाराज होतात. मोकळं आभाळ आणि गार वारा असलेला फेब्रुवारीतला दिवस कित्येकदा एप्रिलच्या दिवसाला मागं टाकतो.

आता पाऊस. सातारा जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटणचा डोंगरी भाग आहे, जिथं जून ते सप्टेंबर सूर्य दिसणंच मुश्किल. पूर्वेला माण-खटाव, तिथं पावसाची वाट बघावी लागते. सांगलीतही शिराळ्याचा पश्चिम भाग आणि जत-आटपाडी यांत तेवढाच फरक. चांदोलीच्या बाजूला चार महिने ढग बसून असतात, तेव्हा जतमध्ये लख्ख ऊन असतं. मी हिशेबाला हे आकडे धरते: दुष्काळी पूर्व पट्टा, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, तासगाव, इथं एका किलोवॅटला वर्षाला १५०० युनिटं. सातारा, कराड, सांगली, मिरज, वाळवा इथं १४००. घाटाच्या कडेचा पश्चिम भाग, मेढा, पाटणच्या वरची गावं, तिथं १२५०. हे आकडे मुद्दाम थोडे हात राखून धरले आहेत. स्वतःच्या गावाचं नेमकं बघायचं असेल तर जागतिक बँकेच्या मदतीनं चालणारं 'ग्लोबल सोलर ॲटलस' हे संकेतस्थळ उघडा, नकाशावर आपलं घर शोधा. एका किलोवॅटला वर्षाला किती युनिटं, हे तिथं फुकट दिसतं.

बाकी सूर्याच्या विजेला आपल्या भागात आता कुणी नवखं म्हणणार नाही. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, आणि तीही पावसाच्या पाटण तालुक्यात. पश्चिमेकडच्या लोकांनी "आमच्याकडं ऊनच नसतं" म्हणून बसायचं कारण नाही. एखादा पॅनल जास्त धरायचा, एवढंच.

भागाकार

वर्षाची युनिटं भागिले तुमच्या भागाचा आकडा, आला तो किलोवॅट. त्याला एका पॅनलच्या वॅटनं भागा, आली पॅनलची संख्या. अपूर्णांक आला की सहसा वरचा पूर्णांक धरायचा. आजकाल घरांवर बसतात ते बहुतेक ५४० ते ५९० वॅटचे. मी ५५० धरते, म्हणजे ०.५५ किलोवॅट.

स्कूटर नसलेल्या २४०० युनिटांच्या घराचं उदाहरण आधी तीन गावांत घेऊन बघू. तासगावात २४०० भागिले १५०० म्हणजे १.६ किलोवॅट. तीन पॅनल बसवले तर १.६५ किलोवॅट, वर्षाला २४७५ युनिटं. भागलं. साताऱ्यात तेच तीन पॅनल २३१० देतील, नव्वद युनिटं कमी. मेढ्यात २०६० च्या आसपास, जवळजवळ साडेतीनशे कमी. म्हणजे तेच घर, तोच वापर, पण तासगावात तीन पॅनल पुरतात आणि मेढ्याला चार लागतात. नणंदेच्या घरी हेच घडलं. सांगलीच्या कुणाचं तरी ऐकून ती मंडळी तीनवर अडून बसली होती.

स्कूटर धरून साताऱ्यातल्या घराचे २७०० होतात. भागिले १४००, आले १.९३ किलोवॅट. भागिले ०.५५, साडेतीन. म्हणून चार पॅनल, २.२ किलोवॅट, वर्षाला ३०८०. थोडं वर राहिलं ते बरंच. पॅनल पहिल्या वर्षी दोन-अडीच टक्के उतरतात, नंतर दर वर्षी अर्धा टक्का. दहा-बारा वर्षांनी हेच चार पॅनल २८५०-२९०० वर येतील, आणि तरीही घराला पुरतील. इंडक्शनही येणार असेल तर ३४०० युनिटं, २.४३ किलोवॅट, पाच पॅनल.

पण कमी पॅनल घेणंही कधीकधी शहाणपणाचं ठरतं, हे फार कमी लोक सांगतात. आपले घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतात: पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० चा दर बराच वरचा, त्यापुढं ५०० पर्यंत आणि ५०० च्या वर आणखी चढे. पॅनलबरोबर बसणारा नेट मीटर लाइनकडून घेतलेली आणि लाइनला दिलेली युनिटं मोजतो आणि वजाबाकी करून उरलेल्या युनिटांचं बिल येतं, म्हणून पॅनल आधी सगळ्यात महाग युनिटं खातात. महिन्याला २०० युनिटांच्या घरानं दोनच पॅनल बसवले, १.१ किलोवॅट, तरी महिन्याला १२५-१३० युनिटं वजा होतात. उरलेली सत्तर-पंचाहत्तर स्वस्त टप्प्यातली. एप्रिल ते जूनसारखे दोन-तीन महिने शंभरावर जातील, तेवढंच. हातात पैसे कमी असतील, कर्ज काढायचं नसेल, तर दोन पॅनलचा पर्याय मनापासून विचारात घ्या. फक्त इन्व्हर्टर आणि स्ट्रक्चर, म्हणजे पॅनलखालचा सांगाडा, नंतर वाढवता येईल असं आत्ताच बोलून घ्या.

आणि गरजेपेक्षा जास्त पॅनल का नकोत? जास्तीची युनिटं दर महिन्याला पुढं ओढली जातात, एप्रिल-मेची शिल्लक जुलै-ऑगस्टला कामी येते. तिथपर्यंत उत्तम. पण ३१ मार्चला आर्थिक वर्षाचा हिशेब मिटतो आणि तेव्हा शिल्लक राहिलेल्या युनिटांचा जो दर मिळतो तो आपण देतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. वीज विकून घर चालेल या आशेनं दुप्पट पॅनल घेणं हा तोट्याचा व्यवहार आहे. बिल शून्य होईल हेही कुणी सांगितलं तर मान हलवू नका, स्थिर आकार राहतोच.

अनुदानाचा आकडाही इथंच बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,०००, आणि ३ किलोवॅट व त्यापुढं कितीही असलं तरी ७८,००० रुपये ठरले. अनुदान मोजताना पॅनल आणि इन्व्हर्टर यांतली जी क्षमता कमी असेल ती धरतात. पॅनलमधले सेलसुद्धा भारतात बनलेले असावे लागतात, त्यालाच डीसीआर पॅनल म्हणतात. काही जण ७८,००० डोळ्यांसमोर ठेवून दोन किलोवॅटच्या घरावर तीन किलोवॅट चढवतात. तिसऱ्या किलोवॅटला अनुदान १८,००० च मिळतं, बाकीचा त्याचा खर्च तुमचा. गरज असेल तरच चढवा.

सावली: इथं घाई करू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. सावली ही गच्चीवर बसणाऱ्या पॅनलची संख्या ठरवते, आणि मेमध्ये पाहणी केली तर ती दिसतच नाही. सातारा, सांगली दोन्ही ठिकाणी मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य भर माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो. त्या दिवसांत उभ्या काठीची सावली पायाशीच नाहीशी होते. नंतर जुलै संपेपर्यंत सूर्य आपल्या उत्तरेकडून जातो. डिसेंबरमध्ये मात्र तो दक्षिणेला इतका खाली उतरतो की माध्यान्हीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४९ अंश वर असतो.

याचा गच्चीवर अर्थ असा. २१ डिसेंबरच्या आसपास दुपारी साडेबाराला, तीच आपल्याकडची खरी माध्यान्ह, कुठल्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या जवळपास नऊ-दशांश लांब उत्तरेला पडते. सकाळी नऊला तीच सावली उंचीच्या सव्वादोन पट होते आणि वायव्येकडं जाते. दुपारी चारला तेवढीच, पण ईशान्येकडं. ओट्यासकट सहा फूट उंच टाकी असेल तर सकाळी नऊला साडेतेरा फूट सावली. आमच्या दोन पॅनलचं नेमकं हेच झालं होतं.

तर खडू घ्या. टाकी, जिन्यावरची खोली, कठडा, डिशचा खांब, शेजाऱ्याचा वाढीव मजला, दक्षिणेकडच्या प्रत्येक उंच वस्तूची उंची पॅनलच्या पातळीपासून मोजा. सव्वादोननं गुणा, आणि तेवढ्या अंतरावर गच्चीवर वायव्य-ईशान्येला खुणा करा. नऊ-दशांशनं गुणून उत्तरेला तिसरी खूण करा. तिन्ही खुणा जोडल्या की जो पंख्यासारखा आकार होतो, तिथं पॅनल नको. डिसेंबरात गच्चीवर जाता आलं तर गुणाकाराची गरजच नाही. नऊ, साडेबारा आणि चारला थेट सावलीच्या कडेनं खडू फिरवा. मी तासगावला भावाच्या गच्चीवर असं केलं तेव्हा शेजारच्या नारळाची सावली बरोबर मधल्या पॅनलच्या जागेवरून जाताना दिसली. कागदावरच्या नकाशात नारळ कुणीच काढला नव्हता.

थोडीशी सावली चालेल, असं का नाही म्हणत? पॅनल एकमेकांना माळेसारखे जोडलेले असतात, सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. एकाचा कोपरा झाकला तर त्याचा तो भाग बाजूला टाकून प्रवाह पुढं जातो, तेवढं उत्पादन बुडतं आणि बाकीच्यांवरही परिणाम होतो. सध्याच्या हाफकट, म्हणजे आतून दोन अर्ध्या भागांत जोडलेल्या, पॅनलमध्ये खालचा अर्धा भाग झाकला तरी वरचा बऱ्यापैकी चालतो. एका पॅनलच्या सावलीचा फटका बाकीच्यांना बसू नये म्हणून प्रत्येक पॅनलला वेगळा ऑप्टिमायझर लावता येतो, पण तो खर्च करण्याआधी टाकी हलवता येते का ते बघा.

साताऱ्यात डोंगराची सावली वेगळी. शहर अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याशी वसलंय, आणि हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडूनच जातो. किल्ल्याला अगदी चिकटून असलेल्या घरांवर हिवाळ्यात ऊन उशिरा येतं किंवा लवकर सरतं. पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आहे, त्याच्या बाजूची संध्याकाळ लवकर होते. डिसेंबरमध्ये घरावर पहिलं ऊन किती वाजता येतं आणि शेवटचं कधी जातं, घरातल्या वडीलधाऱ्यांना हे अचूक माहीत असतं. सकाळी नऊ ते दुपारी चार ऊन मोकळं असेल तर चिंता नाही. त्यातला दीड-दोन तास जात असेल तर वर्षाच्या आकड्यातून पाच ते दहा टक्के कमी करूनच भागाकार करा.

जागा, आणि वाळवणाचं काय?

५५० वॅटचा पॅनल साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद, वजन २८ किलोच्या आसपास. नुसत्या पॅनलची जागा २८ चौरस फूट. पण दोन ओळींमधलं अंतर, धुवायला फिरायची वाट धरून किलोवॅटला १०० चौरस फूट मोकळी, बिनसावलीची गच्ची लागते. आपल्या चार पॅनलना सव्वादोनशे.

तोंड दक्षिणेला, उतार १५ ते १८ अंश. दोन ओळी असतील तर मध्ये तीन फूट सोडा, नाहीतर हिवाळ्यात पुढची ओळ मागचीवर सावली टाकते. घर तिरकं असेल तर नैऋत्य किंवा आग्नेय चालतं, थोडं नुकसान होतं. उत्तर उतारावर मात्र बसवू नका.

आमच्या सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "मग कुरडया-पापड कुठं घालायचे?" प्रश्न अगदी बरोबर होता. गच्ची ही घराची वाळवणाची जागा आहे, शेतकऱ्याच्या घरी तर हळद, शेंगा, ज्वारी सगळं तिथंच. आम्ही पॅनल उत्तरेच्या अर्ध्यात घेतले आणि दक्षिणेचा अर्धा मोकळा ठेवला. यात दोन्ही साधलं: दक्षिणेच्या कठड्याची सावली पडायची ती मोकळ्या भागावर पडते, आणि पॅनलची सावली वाळवणावर येत नाही. उंच स्ट्रक्चर करून खाली वावरता येतं, पण लोखंड जास्त लागतं आणि मोकळ्या माळावरच्या वाऱ्यात ते पक्कं असावं लागतं. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाहीत उभ्या.

मंगलोरी कौलांच्या घरावर थेट बसवू नका, वासे तपासून वेगळा सांगाडा करावा लागतो. अंगणात किंवा गोठ्याच्या स्लॅबवर जागा असेल तर ती बरी. पत्र्यावर बसवताना पत्रा आणि पॅनल यांत चार-सहा इंच हवा खेळू द्या. सोसायटीत राहत असाल तर गच्चीच्या हक्काचा ठराव आधी, हिशेब नंतर.

सांगलीत आणखी एक गोष्ट. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. नदीकाठच्या भागात इन्व्हर्टर आणि त्याच्या पेट्या तळमजल्यावर लावू देऊ नका, जिन्याच्या वरच्या खोलीत घ्या.

काजळी आणि खारं पाणी

हिशेबात धुळीसाठी जी घट धरली ती धुतलेल्या पॅनलची आहे. ऊसपट्ट्यात, कराड-वाळवा-मिरजेकडं, गळिताच्या हंगामात शेतातलं पाचट पेटतं, कारखान्याच्या धुराड्यातून राख उडते आणि सकाळी गच्चीवर काळे तुरे पडलेले असतात. ते काचेला चिकटतात. वीटभट्टीजवळची घरं तर विचारूच नका. तिथं नोव्हेंबर ते मार्च पंधरा दिवसांनी पॅनल धुवायची तयारी हवी. जमणार नसेल तर वर्षाच्या आकड्यात पाच टक्के कमी धरा. धुणं सकाळी उन्हाआधी, मऊ कापडानं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. माण-खटावकडं बोअरचं पाणी जड असतं, त्याचे पांढरे डाग काचेवर बसतात, म्हणून धुतल्यावर पुसून घ्यायचं.

वस्तीवरच्या घराचं गणित वेगळं

वरचा सगळा हिशेब ऑनग्रिड यंत्रणेचा आहे, जिथं महावितरणची लाइन हीच आपली साठवण. ही यंत्रणा वीज गेली की स्वतःहून बंद पडते, ऊन असलं तरी, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये. हे माहीत नसल्यामुळं फसवल्यासारखं वाटलेली माणसं मी पाहिली आहेत.

मळ्यात, वस्तीवर लाइट सारखीच जात असेल आणि बॅटरीवरच घर चालवायचं असेल तर वर्षाची सरासरी उपयोगाची नाही. तिथं जुलै-ऑगस्ट धरायचे. पश्चिमेकडं त्या दिवसांत एक किलोवॅट दिवसाला दोन युनिटंही कशीबशी देतो. रोज दोन युनिटं लागत असतील, आणि बॅटरीत भरताना-काढताना पाचवा हिस्सा जातो असं धरलं, तर अडीच युनिटं बनायला हवीत, म्हणजे सव्वा किलोवॅट, तीन पॅनल. वर्षाच्या सरासरीनं भागाकार केला असता तर दोनच पॅनल निघाले असते, आणि श्रावणात घर अंधारात बसलं असतं.

माणूस आला की

आता तुमच्या कागदावर चार गोष्टी लिहिलेल्या आहेत: वर्षाची युनिटं, किलोवॅट, पॅनलची संख्या, आणि खडूच्या खुणांचा गच्चीचा नकाशा. सोलरवाल्याला तो दाखवा आणि त्याचा आकडा वेगळा असेल तर का, ते विचारा. पॅनलचा वॅट आणि वॉरंटी लेखी घ्या. दोन-तीनच पॅनल असतील तर इन्व्हर्टर किती व्होल्टला सुरू होतो हे आवर्जून विचारा. तीन पॅनलची माळ १२५ व्होल्टच्या आसपास असते, काही इन्व्हर्टर एवढ्या व्होल्टला उशिरा जागे होतात. पॅनलसाठी, इन्व्हर्टरसाठी आणि वीजरोधकासाठी वेगवेगळं अर्थिंग हवं, एकाच खड्ड्यात तिन्ही नको. बिलावरचा मंजूर भारही बघून घ्या, पॅनल त्याहून जास्त असतील तर तो वाढवून घ्यावा लागतो.

यंत्रणा सुरू झाली की इन्व्हर्टरशेजारी एक वही टांगा. आमच्याकडं ती सुतळीनं बांधलेली आहे, पेनासकट. रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा दिवसाचा आकडा, आणि महिन्याच्या एक तारखेला नेट मीटरवरची घेतलेली व दिलेली युनिटं. चार पॅनलच्या यंत्रणेनं फेब्रुवारीतल्या निरभ्र दिवशी दहा-अकरा युनिटं दाखवायला हवीत. कमी दिसली तर आधी पॅनल धुऊन बघा. त्यानंतरही आकडा सतत नऊच्या खाली राहत असेल तर वही घेऊन त्या माणसाला बोलवा.